एक पत्ता, एक विद्यार्थी

अक्का,

तुम्हाला जाऊन आज नऊ दिवस झाले. माळमड्डीच्या तुमच्या घरी रोज माणसं येतात आणि रोज कुणीतरी तीच एक गोष्ट काढतं. "अक्का शिकवायला लागल्या की ऐकत राहावं. पण फायलींच्या बाबतीत मात्र आनंदी आनंद होता बघा! त्या कलघटगीच्या मास्तरांचं वर्षभराचं काम हरवलंच होतं की त्यांच्या हातनं." मग सगळे प्रेमानं हसतात. तुमची लेक वैजूसुद्धा डोळे पुसत हसते. मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर चहाचा कप धरून बसलेला असतो. मला हसू येत नाही आणि तोंडही उघडत नाही.

येत्या रविवारी आपल्या संस्थेच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा आहे. त्यात मी दहा मिनिटं बोलायचं असं ठरलंय. विषयही मला नेमून दिलाय, ऑनलाइन अभ्यासक्रमातलं तुमचं काम. उभा राहून बोलायला लागलो तर ऐन वेळी माझी जीभ दगा देईल. एकदा तिनं दिलेला आहे. म्हणून लिहून काढतोय, आणि वाचूनच दाखवणार आहे.

त्या फायली तुम्ही हरवल्या नव्हत्या, अक्का. त्या मी पुसल्या होत्या.

एवढं एक वाक्य लिहायला मला पाच वर्षं लागली.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दुर्गदबैल बाजारातल्या कापडाच्या दुकानात. नव्वदचं दशक नुकतं सुरू झालं होतं, मी कॉलेजात होतो. तुम्ही धारवाडहून बसनं आला होतात आणि आल्या आल्या आमच्या अप्पांना म्हणालात, "चाळीस पिशव्या होतील एवढे तुकडे पाहिजेत. रंग कुठलापण असू दे, कापड टिकणारं पाहिजे." अप्पांना वाटलं, कुठल्या लग्नात वाटायच्या असतील. तुम्ही म्हणालात, "माझे विद्यार्थी पोस्टानं शिकतात. प्रत्येकाची एक पिशवी. त्यानं लिहिलेलं सगळं त्याच्या पिशवीत." अप्पा तुमच्याकडं बघतच राहिले. तुम्ही गेल्यावर म्हणाले, "बाई हुशार दिसते, पण वेडी आहे." आमच्या अप्पांचं माणसाबद्दलचं याहून मोठं कौतुक मी ऐकलेलं नाही.

पुढं मी तुमच्या संस्थेत कॉम्प्युटर शिकवायला लागलो तेव्हा त्या पिशव्या पाहिल्या. तुमच्या खोलीच्या भिंतीभर खिळे, खिळ्यांवर पिशव्या, पिशव्यांवर शाईनं लिहिलेली नावं. आमच्या दुकानातलं चौकड्यांचं कापड मी लगेच ओळखलं. एखाद्याचं उत्तर टपालानं आलं की तुम्ही आधी त्याची पिशवी काढायचात, त्यातलं जुनं सगळं वाचायचात आणि मगच नवं पाकीट फोडायचात. एका उत्तराला तास लागायचा. मला ते बघूनच घाम फुटायचा.

कारण मी वाढलो ते दुकानात. तिथं प्रत्येक थानाची जागा ठरलेली, नंबर ठरलेला. नवा माल आला की तो वर, जुना खाली, आणि फार जुना झाला की दुकानाबाहेर. पसारा दिसला की अप्पांचा चेहरा आंबट व्हायचा, आणि तो चेहरा मी वारशात घेतलाय.

नवं शतक सुरू झालं, संस्थेत इंटरनेट आलं आणि तुमचा पोस्टाचा अभ्यासक्रम ऑनलाइन झाला. खेड्यांतल्या शाळांमध्ये विज्ञान शिकवणारे शिक्षक आपले विद्यार्थी. धडे आपण वेबसाइटवर ठेवायचे, त्यांनी उत्तरं ईमेलनं पाठवायची. तुम्ही प्रमुख, मी तांत्रिक बाजू बघणारा. तिथून आपलं भांडण सुरू झालं आणि ते कधी संपलंच नाही.

तुम्हाला कॉम्प्युटरमध्येही पिशव्याच हव्या होत्या. माणसागणिक एक फोल्डर आणि त्यात त्याचं आलेलं सगळं. मला धड्यागणिक फोल्डर हवे होते आणि त्यात ज्याचं त्याचं शेवटचं उत्तर, नंबर घातलेलं.

"एकानं तेच उत्तर तीनदा पाठवलं तर तिन्ही ठेवायची?" मी विचारायचो.

"होय की. पहिल्यात काय चुकलं होतं ते बघितल्याशिवाय तिसऱ्यात काय सुधारलं ते कसं कळणार रे तम्मा?"

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ. माझं नाव श्रीधर आहे हे तुम्ही फक्त हजेरीपटावर लिहिताना आठवायचात.

आणि तुमच्या त्या फायलींची नावं! 'गिरिजाचं बाळ आजारी होतं तेव्हाचा धडा.' 'वीज गेली, पुन्हा सांगायचं आहे.' 'हा प्रश्न मलाच नीट कळलेला नाही.' मी तुमच्या माघारी बसून ती नावं बदलायचो. सात-तीन, नऊ-अकरा. दुसऱ्या दिवशी तुम्ही चष्मा कपाळावर चढवून माझ्या दारात उभ्या.

"माझी गिरिजा कुठं गेली?"

"सातव्या फोल्डरमध्ये, तीन नंबरला."

"ती काय फळीवरची बरणी आहे काय, नंबर घालायला?"

मी हसायचो. तुम्ही डब्यातलं गिरमिट माझ्यापुढं सरकवायचात. चुरमुऱ्यांना तुमच्यासारखा कांदा-टोमॅटोचा मसाला कुणी लावत नाही. रागावून आल्यावरही डबा विसरायचा नाही, हा तुमचा नेम होता.

आपली मेलपेटी तेव्हा एवढीशी. दर आठवड्याला भरायची, आणि भरली की नवीन उत्तरं परत जायची. लाइन मध्येच तुटते म्हणून मास्तर लोक एकच उत्तर चार-चारदा पाठवायचे. मी एक नियम केला, टाइप केला आणि कॉम्प्युटरच्या वर भिंतीला चिकटवला. 'एक पत्ता, एक विद्यार्थी. नवीन आलं की जुनं जाईल.' म्हणजे ज्या ईमेल पत्त्यावरून उत्तर आलं, तो पत्ता आणि धड्याचा नंबर हेच फाइलचं नाव. त्याच पत्त्यावरून त्याच धड्याचं पुन्हा काही आलं तर पहिलं पुसून त्या जागी दुसरं. शनिवारी सगळं उतरवून घेतलं की मेलपेटी रिकामी. मला माझ्या हुशारीचं फार कौतुक वाटलं होतं.

तुम्ही तो कागद दोनदा वाचलात.

"तम्मा, आमच्या गल्लीत पोस्टाची पेटी एकच आहे. म्हणून गल्लीत पत्र लिहिणारा माणूस एकच काय?"

"अक्का, ही पेटी वेगळी."

"इरली बिडु," तुम्ही म्हणालात. राहू दे. तुमचं इरली बिडु मला चांगलं माहीत होतं. त्याचा अर्थ, पटलेलं नाही, आजच्यापुरतं सोडलंय. मी मात्र ते विजयासारखं घेतलं.

मग ते वर्षअखेरचं काम आलं. प्रत्येक शिक्षकानं आपल्या वर्गात वर्षभर मुलांकडून करून घेतलेले प्रयोग, त्यांच्या नोंदी, मुलांनी विचारलेले प्रश्न, सगळं लिहून पाठवायचं होतं. कुणाचं तीस पानं, कुणाचं चाळीस. कलघटगी तालुक्यात आपले सहा शिक्षक होते. शेवटची तारीख शनिवारची, आणि तिथं दोन दिवस वीज नव्हती. शनिवारी दुपारी वीज आली तेव्हा बसस्टँडजवळच्या मंजुनाथच्या सायबर कॅफेत सहाहीजण धावले. प्रत्येकानं आपापली मेलपेटी उघडून पाठवायला वेळ नव्हता. मंजुनाथ भला माणूस. तो म्हणाला, तुम्ही घरी जा, मी एकामागून एक पाठवतो. आणि त्यानं पाठवली, स्वतःच्या पत्त्यावरून, सहाच्या सहा.

त्या दिवशी मला तारिहाळला जायचं होतं. मेहुण्यानं कारखान्यात नवीन मशीन बसवलं होतं, त्याची पूजा होती. स्कूटर खाली उभी होती, मी घाईत होतो. एक फाइल उतरवली. दुसरी उतरवताना कॉम्प्युटरनं विचारलं, या नावाची फाइल आधीच आहे, तिच्या जागी ही ठेवायची का? मी हो म्हटलं. त्यानं पाच वेळा विचारलं, अक्का. मी पाच वेळा हो म्हटलं. आत काय आहे ते उघडून बघितलं नाही. मग मेलपेटी रिकामी केली आणि पूजेला वेळेवर पोचलो.

दोन आठवड्यांनी निकालाच्या यादीत कलघटगीचा एकच शिक्षक निघाला. बाकी पाचजण 'काम दिले नाही' या रकान्यात. त्यांचे फोन आले, मंजुनाथचा आला. सगळ्यांची कामं मंजुनाथच्याच कॉम्प्युटरवर टाइप केलेली, आणि त्याला मधल्या काळात व्हायरस लागला म्हणून त्यानं त्यावरचं सगळं पुसून टाकलं होतं. मी माझ्या टेबलाशी बसून तो भिंतीवरचा कागद वाचला, आणि मला सगळं कळलं. उठून मी तो काढला, घडी करून खिशात घातला. तुम्हाला मात्र म्हणालो, "काय झालं कळत नाही, अक्का. शोधतो."

मग संस्थेच्या समितीची ती बैठक. लांब टेबल, सातजण, मध्ये अध्यक्ष. त्यांनी विचारलं, "फायली कुणाच्या ताब्यात होत्या?"

मी समोरच्या चहाच्या कपाकडं बघत होतो. सायीचा पापुद्रा कपाच्या एका बाजूला चिकटला होता, तो मला आजही दिसतो. मनात वाक्य तयार होतं. 'माझ्या' एवढा एकच शब्द म्हणायचा होता.

"माझ्या," तुम्ही म्हणालात. "अभ्यासक्रम माझा, फायली माझ्या. माझ्याकडनं राहिलं."

कुणी रागावलं नाही. अध्यक्ष समजूतदारपणे म्हणाले की वयोमानानुसार हे व्हायचंच, आता तरुण माणसाकडं द्यावं. आणि तुमचा अभ्यासक्रम, पिशव्यांपासून तुम्ही वाढवलेला, माझ्याकडं आला. मी आभारसुद्धा मानले. जिन्यात तुम्ही विचारलंत, "तम्मा, चहा घेऊया काय?" मी म्हटलं, काम आहे. काही काम नव्हतं.

उद्या सांगू, असं मी त्या दिवशी म्हटलं. पुढच्या आठवड्यात म्हटलं. मग सांगायला उशीर झाला, आणि एकदा उशीर झाला की रोज थोडा आणखी होतो. तुम्ही एकदाही विषय काढला नाहीत. शनिवारी डबा घेऊन यायचात, माझ्या हाताखालची एक साधी शिक्षिका म्हणून उत्तरं तपासायचात, फायलींच्या नावांवरून माझ्याशी भांडायचात. तुम्हाला माहीत आहे की नाही, हे मला तुमच्या चेहऱ्यावरून कधी ओळखता आलं नाही.

तुम्ही त्यानंतर चार रविवार बसनं कलघटगीला गेलात, हे मला कितीतरी नंतर कळलं. मंजुनाथच्या कॅफेत त्या मास्तरांच्या शेजारी बसून, त्यांच्या हातानं लिहिलेल्या टिपणांवरून तुम्ही चौघांचं काम पुन्हा उभं केलंत. त्यांना सहा महिने उशिरा का होईना, प्रमाणपत्र मिळालं. पाचवी होती गिरिजा, तुमच्या फाइलच्या नावातली. तिच्याकडं टिपणं नव्हती. तिनं सगळं थेट कॉम्प्युटरवर लिहिलं होतं, कारण कार्यशाळेत मीच छाती काढून सांगितलं होतं, "कागद कशाला? कॉम्प्युटरवर आहे म्हणजे सुरक्षित आहे." त्या वर्षी तिच्या शाळेत एक जागा कायम व्हायची होती. ती प्रमाणपत्र असलेल्या दुसऱ्याला गेली. गिरिजानं शाळा सोडली. आता घरीच मुलांच्या शिकवण्या घेते.

आणि मी काय केलं? मी गुपचूप माझी पद्धत टाकली आणि तुमची घेतली. माणसागणिक फोल्डर, आलेलं सगळं ठेवायचं, काहीही पुसायचं नाही, नवं वाचण्याआधी जुनं उघडायचं. तक्रारी थांबल्या. बंगळूरहून लोक बघायला आले. आज आपल्याकडं तिला 'श्रीधर सरांची पद्धत' म्हणतात, अक्का. बंगळूरच्या त्या लोकांपुढं सभेत माझ्यासाठी टाळ्या वाजल्या तेव्हा तुम्ही तिसऱ्या रांगेत बसून वाजवत होतात. माझी मान खाली होती आणि लोकांना तो विनय वाटला.

गेल्या महिन्यात तुम्हाला बघायला आलो ते सांगायचंच ठरवून. तुम्ही पलंगावर, उशीला टेकून. आवाज अगदी बारीक झाला होता. तुम्हीच आधी विचारलंत, "पिशव्या नीट आहेत काय रे?" मी म्हटलं, "आहेत." मग वैजू तुमचं औषध घेऊन आली, आणि मला सुटल्यासारखं वाटलं. त्याची मला आता सगळ्यात जास्त लाज वाटते. मी दारापर्यंत गेलो तेव्हा तुम्ही हाक मारलीत. वळलो तर म्हणालात, "काय नाही. सावकाश जा."

परवा वैजू म्हणाली, "श्रीधरमामा, आईचा कॉम्प्युटर शाळेला द्यायचाय. त्यातलं ठेवायचं काय, पुसायचं काय, तेवढं तुम्ही बघा." पुसायचं काय ते मी बघायचं! तुमच्या खुर्चीवर बसलो. एकाही फाइलला नंबर नाही, तारीख नाही, आणि तरी मला एकही शोधावी लागली नाही. 'गिरिजाचं बाळ आजारी होतं' वाचलं की तो आठवडाच समोर आला. 'तम्मा उगीच चिडला' असाही एक फोल्डर सापडला, त्यात अठरा फायली निघाल्या.

त्याच्या खाली आणखी एक होता. 'तम्मा सांगेल.'

आत माझा तो नियमाचा कागद होता, भिंतीवरचा वाचून शब्दन् शब्द तुम्ही स्वतः टाइप केलेला. मंजुनाथचं पत्र होतं, सहा फायली किती वाजता पाठवल्या ते सांगणारं. त्यावरची तारीख बैठकीच्या आदल्या दिवशीची आहे, अक्का. म्हणजे 'माझ्या' म्हणालात तेव्हा तुम्हाला सगळं माहीत होतं. चौघांची पुन्हा लिहिलेली कामं होती. आणि गिरिजाच्या नावाचा एक फोल्डर. तो उघडला तर रिकामा.

मी तुमच्या टेबलावर डोकं ठेवून रडलो. वैजू आतून धावत आली. तिला वाटलं, आईची आठवण आली. मी तसंच वाटू दिलं. बघा, तेव्हासुद्धा.

काल गिरिजा आली होती, कलघटगीहून, मुलाला घेऊन. ते आजारी बाळ आता शाळेत जातंय. "बर्री टीचर," या, असं म्हणून मी तिला पडवीत बसवलं. ती कन्नडमध्ये बोलत होती. तुम्ही तिच्या दारात कशा आलात, उंबऱ्यावरच कशा थांबलात. "नंदे तप्पु अंद्रु," ती म्हणाली. चूक माझीच, असं म्हणाल्या. "एवढ्या मोठ्या बाई माझ्यासमोर हात जोडून उभ्या. मी कशी रागावणार सर?"

मग मी तिला सांगितलं. मंजुनाथचा पत्ता, पाच वेळा विचारलेला प्रश्न, पाच वेळा म्हटलेलं हो, बैठक, सगळं. मला वाटलं, ती शिव्या देईल, किंवा उठून जाईल. तिनं मुलाच्या शर्टाचं बटण लावलं, आणि विचारलं,

"हे अक्कांना सांगितलं होतं काय सर?"

मी नाही म्हटलं. तिनं मान हलवली आणि मुलाचा हात धरून गेली. क्षमा केली की नाही ते ती बोलली नाही, आणि विचारायचा मला अधिकार नाही.

वैजूला मी सांगून ठेवलंय, शाळेला दुसरा कॉम्प्युटर मी देईन, हा माझ्याकडं राहू दे. का, ते तिला रविवारी कळेल. बैठकीतले ते सातजणही रविवारी असतील, बहुतेक पुढच्याच रांगेत. अध्यक्षांना आता ऐकू कमी येतं, तेव्हा मी मोठ्यानं वाचीन.

हे सगळं मी तुमच्याच खुर्चीवर बसून, तुमच्याच कॉम्प्युटरवर लिहिलंय. आता तो फाइलचं नाव विचारतोय. सवयीनं मी आधी आकडे टाकले. मग ते खोडले आणि लिहिलं, 'तम्मानं सांगितलं.' 'तम्मा सांगेल'मध्येच ठेवतोय, अक्का. फोल्डरचं नाव बदलत नाही. आतलं जुनं काहीही पुसत नाही.